गारव्यातली व्हर्लीन

टेक्सासच्या त्या बायकांच्या तुरुंगात उन्हाळ्यात भिंतीला हात लावायची सोय नव्हती. बायका फरशीवर पाणी ओतायच्या आणि त्यातच पडून राहायच्या. त्यांच्यातली लूएला एका दुपारी तशीच पडली ती उठलीच नाही. तुरुंगाच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालणाऱ्या व्हर्लीन टॅटमने तेव्हाच ठरवलं, या उकाड्यावर खटला भरायचा.

कैद्यांसाठीचा कायदा मात्र वेगळा. आधी तुरुंगाच्याच साहेबाकडे तक्रार, त्याने फेटाळली की त्याच्या वरच्याकडे. कोर्टाचं दार त्यानंतर. एक पायरी हुकली की संपलं.

व्हर्लीन एकेका बाईच्या मागे लागली.

"डोरेथा, केलीस का गं तक्रार?"

"तू केलीस ना, मिस व्हर्लीन? मग मी कशाला? ज्यांनी भाजलं त्यांनाच सांगायचं, भाजतंय म्हणून! उन्हानं डोकं फिरलंय तुझं."

"फिरू दे. माझ्या पाठंगुळी बसून कोर्टात जाता येत नाही, बये. आपल्या पायांनी चढ."

"आणि नाही चढले तर?"

"तर तुझ्या चादरी तूच धू."

डोरेथाने शिव्या घालत तक्रार केली, फेटाळल्यावर वरही केली. बाकीच्यांनीही केली. व्हर्लीनच्या नावाखाली सगळ्यांची नावं लागली आणि खटला उभा राहिला.

ऐन ऑगस्टात अधिकारी हसत आला. "नशीब काढलंस, टॅटम. सामान आवर. तुला एसीच्या तुरुंगात हलवतोय."

व्हर्लीनने डाव ओळखला. जिला उकडतच नाही तिचं गाऱ्हाणं न्यायाधीश कशाला ऐकेल?

"मला नको."

"विचारलंय कुणी?"

ती निघाली तेव्हा जाळीमागून डोरेथा ओरडली, "स्वेटर घाल गं, म्हातारे!"

नव्या कोठडीत व्हर्लीन कुडकुडत पडून राही. आपल्याबरोबर खटलाही इथे गारठून मरणार, एवढाच विचार. ऑक्टोबरात कोर्टाचा निकाल हाती आला. टॅटम यांची मागणी आता उरत नाही. तिने एक श्वास घेतला, पुढे वाचलं. बाकीच्या बायका अजून त्याच उकाड्यात आहेत, प्रत्येकीने आपापली तक्रार शेवटपर्यंत नेली आहे, खटला चालेल.

"हरलीस का गं?" कोठडीतल्या सोबतिणीने विचारलं.

"मी हरले," व्हर्लीन मान ताठ करून म्हणाली. "आता डोरेथा बोलेल. तिचं तोंड कुणाला बंद करता आलंय?"