‘जाते’ म्हणून निघालेली

उदगीरहून पहिल्यांदा निघाले तेव्हा उंबऱ्यात मी "जाते" म्हणाले. मुद्दामच. मुंबईला जाऊन जपानी शिकायचं हे माझं खूळ आईला मुळीच पटलं नव्हतं, आठवडाभर आमचा अबोला होता. आपल्यात निघताना "येते" म्हणायचं, मग घरातलं माणूस "ये" म्हणतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? आईनं भांडी घासता घासता मानसुद्धा वर केली नाही.

त्याला बारा वर्षं झाली. आता मुलुंडला राहते, जपानी शिकवते. दिवाळीला गावी जाते, परत निघताना न चुकता "येते" म्हणते. आई हातात डबा देते, पण "ये" काही म्हणत नाही. मीही हट्टी, तीही हट्टी. गावी राहिलेल्या मैत्रिणींनो, हसाल तुम्ही, पण त्या एका अक्षरासाठी मी बारा वर्षं झुरले.

माझ्या वर्गात मराठी बंद. भाषांतर नाही, जे शिकायचं ते करून बघायचं, असा माझा खाक्या. पाणी हवं तर जपानीत मागा, नाहीतर बसा तहानलेले. पोरं वैतागतात, "वाट लागली यार" म्हणतात आणि महिन्याभरात बोलायला लागतात.

गेल्या महिन्यात आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आली. घरी एकटी कंटाळेल म्हणून तिला वर्गात नेलं. काळा चष्मा लावून ती मागच्या बाकावर बसली. खिडकीबाहेर धुक्यातले डोंगर, कोवळं ऊन. सगळं अर्धवट झोपेतल्यासारखं वाटत होतं. घरातून निघताना जपानी माणूस काय म्हणतो, तो धडा होता. मी पर्स खांद्याला अडकवली, चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "इत्तेकिमास." म्हणजे जाऊन येते. पण अर्थ मी सांगत नाही, तो पोरांनी ओळखायचा. बॅच नवी होती, सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मागून आई म्हणाली, "ये बाई. नीट जा."

पोरं हसली. वर्गात मराठी बोललं की मी कुणाला सोडत नाही, पण त्या दिवशी मीच नियम मोडला. "येते, आई," म्हणाले, तेही मराठीत. बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसले आणि परत आत आले.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजून उदगीरच सांगते. मला "ये" म्हणणारं माणूस तिथं राहतं.