झोक्याच्या गाण्यातलं गाव

पाचोऱ्याच्या फलाटावर गाडी हलली तेव्हा आई खिडकीचा गज धरून चार पावलं चालली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आखाजीले येजो व माय." मी बँकॉकला नोकरीसाठी निघाले होते, तिच्या लेखी ते धुळ्यापलीकडचं एखादं सासर होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात आणि गातात. मी एकदाही गेले नाही. आमच्या इंटरनॅशनल स्कूलची टर्म नेमकी तेव्हा ऐन भरात असते. आधी मी कॅलेंडरला शिव्या द्यायचे, मग तेही सोडलं.

इथे मी संगीत शिकवते. वर्गात कोरिया, नायजेरिया, ब्राझील असे सगळे देश मांडी घालून बसतात. यंदा मोठ्या हौसेने मी त्यांना झोक्याचं गाणं शिकवलं. आमच्याकडे त्याची एक रीत आहे: जिची पाळी, तिनं ओळीत आपल्या माहेराचं गाव घालायचं. पोरं खूश! लागोस चटकन बसलं, साओ पाउलोची जरा ओढाताण झाली, पण तेही बसलं. मग जिवूची पाळी आली. आईबाप कोरियाचे, जन्म कतारमधल्या दोहाचा, वडिलांच्या दर बदलीबरोबर नवा देश. ती म्हणाली, "मिस, मी कोणतं घालू?" मी तोंडघशी पडले. म्हटलं, तुला आवडेल ते घाल. तेवढ्या मात्रा ती गप्प राहिली आणि गाणं पुढे गेलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला विचारलं, अशा पोरीनं कोणतं गाव घालायचं? आता ती पुण्याला भावाकडे असते. आबा, म्हणजे माझे वडील, गेले आणि भावाने पाचोऱ्याचं घर विकलं. त्याचं काही चुकलं नाही, पण माझं आतडं अजून तुटतं. आई हसली. "सोपं शे. जठून लेवाले कोनी ई, ते माहेर." जिथून आपल्याला न्यायला कुणी येतं, ते माहेर.

मी म्हटलं, "मग तू तुझी ओळ म्हण ना." तिचं माहेर शिरपूरकडचं; मामा गेला आणि तिकडचं दार बंद झालं. तिनं सूर धरला. आवाज थकलाय, ठेका मात्र पक्का. गावाची जागा आली. मला वाटलं, आता शिरपूर म्हणेल. तिनं माझं नाव घेतलं.

घर म्हणजे काय, हे मागे राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनी आता मला विचारू नये. मी एका बाईचं माहेर आहे. आखाजी तोंडावर आली आहे, आणि मला जूनपर्यंत रजा नाही.