शिव्यांसकट मधूबुवा

छायाताईला आमच्या आळीत कोणी आडनावाने ओळखत नाही. ती छाया कंडक्टर. कर्जतहून चौकमार्गे खालापूरला जाणारी एस.टी. तिच्या मालकीची आहे, एवढंच की महामंडळाला हे अजून कोणी कळवलेलं नाही. दारात लोंबकळणारी पोरं तिच्या नुसत्या "आत व्हा रं"ने आत होतात. आत जागा नसली तरी होतात.

लोधिवलीचे मधूबुवा याच गाडीने ये-जा करायचे. भजनाच्या डबलबारीत समोरच्या बुवाला गाण्यातून टोमणे मारून घाम फोडणारा हा माणूस. एके दिवशी उतरता उतरता तिला म्हणाले, "पोरी, हा आवाज सुट्टे मागण्यात सडवू नको. पेटीवर बस माझ्याकडं."

"बाई बारीला उभी राहणार?" असं गावातल्या चारजणांनी विचारलं. त्यावर बुवांनी जे उत्तर दिलं ते इथे छापता येत नाही.

खरं म्हणजे बुवांचं फारसं काहीच छापता येत नाही. त्यांची शिकवणीच शिव्यांची. चाल चुकली की शिवी, जरा कमी चुकली की जरा सौम्य शिवी. "म्हशीला सुद्धा सम कळते गं भवाने" ही त्यातली सात्त्विक. होता होता शिव्या विरळ व्हायच्या आणि एक वेळ अशी यायची, की छायाताई अख्खा अभंग म्हणून जाते आणि बुवा काहीच बोलत नाहीत. नुसते बसून राहतात. ते गप्प बसले की समजायचं, चाल बसली. शाबासकी वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हती.

हे सगळं छायाताईने एका छोट्या म्युझिक प्लेअरवर भरून ठेवलं होतं. काडेपेटीएवढा, मागे चिमटा, रेकॉर्डिंगचं बटण असलेला. फोन बुवांना चालायचा नाही. मधेच वाजला की सुराबरोबर बुवाही चढायचे. म्हणून हा प्लेअर पेटीला अडकवलेला असायचा. ड्युटीवर खालापूरला गाडी लागली, की ही बाई मागच्या सीटवर बसून, कानात वायर घालून, डबा खाता खाता शिव्या ऐकायची आणि स्वतःशी हसायची. नव्या ड्रायव्हरांना वाटायचं, नवऱ्याचा फोन आहे.

गेल्या श्रावणात बुवा गेले. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा त्यांच्या मुलाचा, अनुपमदादाचा पुण्याहून फोन आला. बोलणं अगदी गोड. बाबांच्या आवाजाचा संग्रह काढायचा आहे, स्टुडिओत साफ करून घेऊ, ते शिवीगाळीचं आणि मधलं रिकामं काढून टाकू, तेवढा प्लेअर द्या. आणि हो, तुमच्याकडे प्रत ठेवू नका, हा घरचा ठेवा आहे.

नमुना म्हणून त्याने बुवांच्या दुसऱ्या कुणा शिष्याच्या शिकवणीच्या कॅसेटवरून साफ केलेला एक अभंग पाठवला. छायाताईने तो मला ऐकवला. आवाज स्वच्छ, धुऊन इस्त्री केल्यासारखा.

"छान आहे की," मी म्हणालो.

"छान हायच. पण ह्याच्यावरनं शिकून दाखव. कुठं चुकलं ते नाय, कसं सुधारलं ते नाय. आणि मधलं रिकामं म्हणून त्यानं काय कापलंय म्हाइत्येय? बुवांचं गप्प बसणं!"

"मग काय करणार?"

"देणार. पण आधी माझी प्रत काढणार. आणि ती काढलीय म्हणून त्याला तोंडावर सांगणार. चोरून करायला मी काय चोर हाय?"

घाई करायला कारण होतं. प्लेअर म्हातारा झाला होता. चार्जिंगची वायर तिरकी धरली तरच वीज घ्यायचा, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं होतं. आज चालू आहे, उद्याची खात्री नाही. मी विज्ञान शाखेचा पदवीधर, म्हणजे आळीच्या मते कॉम्प्युटरवाला. तेव्हा शुक्रवारी तिच्या सुट्टीच्या दिवशी मला धरून ती खालापुरात इद्रिसभाईच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात गेली.

इद्रिसभाईने प्लेअर उलटासुलटा केला. "ताई, ह्याला रिपेरी नको, दुवा करायला हवी."

"दुवा तुमी करा, कॉपी पण तुमीच करा. आणि लवकर."

त्याने वायर जोडली. छायाताईने एकेका चालीचा वेगळा फोल्डर केला होता, आणि प्लेअर प्रत्येक फोल्डरमध्ये पुन्हा एकपासून नंबर टाकत होता. इद्रिसभाई नीटनेटका माणूस. म्हणाला, एवढे डबे कशाला, सगळं एकत्र घालतो. मग कॉम्प्युटर विचारू लागला, याच नावाची फाईल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? इद्रिसभाई प्रत्येक वेळी मोठ्या मनाने "हो" म्हणत गेला.

"झालं!" तो म्हणाला. "बघा, कसं पटकन."

"एवढ्यात?" छायाताईने भुवई वर केली. "पैली फाईल लावा."

पहिली लावली. पहिल्या दिवशी बुवांनी तिच्या सात पिढ्या काढल्या होत्या, त्या तिला पाठ. इथे तर ती बरीच सुधारलेली होती आणि बुवा सात्त्विक शिव्यांवर आले होते.

"इद्रिसभाई, तुमी बुवांवर बुवा बसवलात! माझं सगळं शिकणं पुसून टाकलंत!"

इद्रिसभाईचा चेहरा उतरला. मग एकदम उजळला. "अगं पण मूळ प्लेअरमधे हाय ना! नकलेचं चुकलंय, अस्सल शाबूत हाय."

अस्सलाची बॅटरी मात्र तेवढ्या वेळात शेवटच्या काडीवर आली होती. पुन्हा सुरुवात. या वेळी एकेक फोल्डर जसाच्या तसा. वायर तिरकी धरायचं काम माझ्या अंगठ्याकडे आलं. पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगाईच्या चालीने सरकत होती आणि माझ्या कानाजवळ डास गात होता.

"हलू नको," छायाताई म्हणाली.

"चावतोय गं."

"चावू दे. तुझं रक्त परत भरंल. हे नाय भरायचं."

मधेच जुम्म्याच्या नमाजची वेळ झाली. इद्रिसभाई टोपी घालून निघाला. "दुकान तुमच्यावर. गिऱ्हाईक आलं तर बसवा." एक गिऱ्हाईक आलंच. छायाताईने त्याला "सरका पुढं" म्हणून बाकाच्या टोकाला बसवलं. इद्रिसभाई परत येईपर्यंत पट्टी भरली होती. मग तिने प्रत्येक फोल्डरमधली पहिली आणि शेवटची फाईल ऐकली. पहिलीत शिव्या, शेवटी शांतता. तेव्हा कुठे मला अंगठा परत मिळाला.

पेनड्राइव्ह तयार झाले. एक तिचा, एक ती गाते त्या लोधिवलीच्या महिला भजनी मंडळाचा, एक अनुपमदादाचा. शिवाय एक प्रत इद्रिसभाईच्या कॉम्प्युटरवर. "माझ्या चुकीची आठवण म्हणून ठेवतो," तो म्हणाला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी अनुपमदादा कर्जत स्टँडवर उतरला आणि थेट तिच्याच गाडीत चढला. मीही कामावर निघालो होतो, एक सीट मागे होतो. तिने त्याला तिकीट दिलं आणि तिकिटाबरोबर पेनड्राइव्ह.

"हे काय? मी प्लेअर मागितला होता."

"ह्यात सगळं हाय. प्लेअर माझा हाय, तो माझ्याकडं ऱ्हाणार."

"पण त्यातलं पुसलंत ना?"

"नाय. उलट वाढवलंय. आता प्लेअर सोडून चार ठिकाणी हाय, एक तर तुमच्या गावच्या महिला मंडळाकडं."

अनुपमदादाचा आवाज चढला. "छायाताई, तो माझ्या वडिलांचा आवाज आहे!"

"हाय ना. आवाज तुमच्या वडलांचा, कोण नाय म्हणतंय? पण शिव्या मला घातल्यात. त्या माझ्या."

पुढच्या सीटवरच्या म्हातारीने टोपलीवरून मान वळवली. "कुणी शिव्या घातल्या गं बाय?"

"गुरूनं, आजी."

"मग बरोबर हाय," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा पुढे बघू लागली.

अनुपमदादाने मग वकिलाचं नाव काढलं. छायाताई म्हणाली, जरूर आणा, वकिलालाही तिकीट लागंल. आसपासचे हसले, तो लाल झाला. गाडी चौकला रिकामी झाली तेव्हा ती हिशोबाचं यंत्र मांडीवर ठेवून त्याच्या शेजारच्या सीटवर टेकली.  तो हळू आवाजात, मला ऐकू येऊ नये अशा बेताने आणि तरी ऐकू येईल असा बोलला,

"त्यात... माझ्याबद्दल काही आहे?"

"हाय."

"काय?"

"तुमी पेटी सोडून पुण्याला गेलात, त्याबद्दल हाय. मला शिकवता शिकवता चिडायचे, तेव्हा तुमचं नाव घ्यायचे. चांगलं नाय बोलले, दादा. खोटं कशाला सांगू?"

त्याने पेनड्राइव्ह मुठीत धरला. "तेवढ्या फाईली तरी पुसा. मंडळातल्या बायका ऐकतील. तेवढं करा, बाकीचं राहू द्या तुमच्याकडे. मी काही बोलणार नाही."

सौदा वाईट नव्हता. मी असतो तर घेतला असता. वर चहाही पाजला असता. छायाताईने नकाराची मान हलवली.

"त्याच फाईलीत शेवटाला माझी चाल बसलीय. तुमचं पुसायला गेले तर ते पण जाणार. आणि दुसरं सांगू? मला दिलेल्या शिव्या मी भरून ठेवल्या, म्हणून मी गायला लागले. तुमच्या तुमी ऐकल्याच नायत. मी काय पुसणार नाय. एक पण नाय."

"लोक हसतील मला."

"हसतील की. मला वर्षं झाली हसतायत. काय वाकडं झालंय माझं?"

लोधिवलीचा फाटा आला. अनुपमदादा उठला, दाराशी गेला, आणि पायरीवर थांबला.

"कुठली फाईल आधी ऐकू?"

"पैलीपासनं ऐका," छायाताई म्हणाली. "आणि मधलं रिकामं पुढं ढकलू नका." मग बाहेर डोकावून खाली उभ्या असलेल्या लोकांवर ओरडली, "आधी उतरू द्या रं माणसाला!"