आवाजी मतदान

नाशिकच्या आमच्या कार्यालयात सकाळपासून माणसं येत, पण संसदेबद्दल विचारायला कोणी येत नसे. कोणाला मुलीच्या बदलीसाठी पत्र हवं असे, कोणाला मुंबईच्या हॉस्पिटलात खाट, कोणाला रेल्वेचं आरक्षण. मी आतल्या खोलीत बसून प्रश्न लिहीत असे. खासदारांनी सरकारला विचारायचे प्रश्न.

त्याआधी मी एका दैनिकात उपसंपादक होते. दैनिकाने नाशिकची आवृत्ती गुंडाळली, आणि ओळखीतून हे काम मिळालं. खासदार पहिल्यांदाच निवडून आलेले. मूळचे जनावरांचे डॉक्टर. सगळी नोकरी सुरगाण्याकडच्या डोंगरात गेलेली, त्यामुळे तिकडे त्यांना घरोघर ओळखत. त्यांना साहेब म्हटलेलं आवडत नसे. आम्ही सगळे ‘डॉक्टर’च म्हणायचो. ते मला ताई म्हणत, वयाने मोठे असूनही.

पहिल्या वर्षी दोघांनाही हुरूप होता. डोंगरातल्या पाड्यांवर फोनला रेंज नाही, लासलगावला कांदा भरायला वेळेवर वॅगन मिळत नाहीत, गुरांच्या दवाखान्यांत डॉक्टर नाहीत. डॉक्टर सांगत, मी शब्द बसवत असे. तोंडी उत्तरासाठी कोणाचा प्रश्न घ्यायचा हे सोडत काढून ठरतं, आणि सोडतीत आमचं नाव क्वचितच लागे. लागलं तरी आमच्या प्रश्नापर्यंत पोचण्याआधी तास संपे, नाहीतर गोंधळात कामकाज तहकूब होई. मग छापील उत्तर येई. माहिती गोळा केली जात आहे. विषय राज्य सरकारचा आहे. मी ते मराठीत करून डॉक्टरांना वाचून दाखवत असे. ते चष्मा काढून डोळे चोळत आणि म्हणत, “ठीक आहे ताई, पुढच्या अधिवेशनात परत विचारू.”

शून्य प्रहरात एकदा त्यांना बोलायला मिळालं. गुरांच्या दवाखान्यांबद्दल. सभागृह जवळजवळ रिकामं होतं. ते मागच्या बाकावरून उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि माइक बंद झाला. आम्ही त्याची चित्रफीत काढून गावोगाव पाठवली. लोकांनी अंगठे पाठवले. एकाने विचारलं, डॉक्टर बारीक झाले का?

मग जंगलजमिनीचं विधेयक आलं. कायद्यातली दुरुस्ती होती आणि भाषा इतकी गुळगुळीत की पहिल्या वाचनात मलाही त्यात वावगं दिसलं नाही. डॉक्टरांना दिसलं. आजवर जंगलजमिनीवरच्या कामांना गावाची संमती लागायची, ती काही कामांसाठी लागणार नव्हती. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत सुरगाण्याजवळच्या एका गावात बैठक झाली. मीही गेले होते. तिथल्या सरपंच बाई शांत, कमी बोलणाऱ्या. बैठकीच्या शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, “डॉक्टर, तुमचा याला विरोध हाय का?”

“आहे,” डॉक्टर म्हणाले.

“तिथं सांगाल?”

“सांगेन.”

परत येताना गाडीत ते माझ्याशी भाषणाबद्दल बोलत राहिले. मी ते घरी बसून लिहिलं. नवरा सातपूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आला, त्याला वाचून दाखवलं. तो जेवता जेवता म्हणाला, “चांगलं आहे. पण बोलू देतील का?”

दिल्लीला गेल्यावर डॉक्टरांनी पक्षाकडे बोलायला वेळ मागितला. वक्त्यांच्या यादीत नाव होतं, चर्चेच्या आदल्या दिवशी ते गेलं. मग पक्षादेश निघाला. सर्वांनी हजर राहायचं आणि विधेयकाच्या बाजूने मत द्यायचं. डॉक्टर पक्षाच्या मुख्य प्रतोदांना भेटले. मला गैरहजर राहू द्या, म्हणाले. त्यावर प्रतोद काय म्हणाले हे डॉक्टरांनी मला नंतर फोनवर सांगितलं. आवाज अगदी सपाट होता.

“म्हणाले, डॉक्टर, तुम्ही सज्जन माणूस आहात. उद्या अकराला जागेवर या. बस.”

“मग आपण काय करायचं?”

“पक्षादेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते, ताई. जाऊ दे म्हणायला सोपं आहे. मला ते जमेल असं वाटत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयातल्या टीव्हीसमोर बसले. कार्यालयाचं सगळं बघणारे आमचे व्यवस्थापक शेजारी चहा घेऊन. समोरच्या बाकांवरून घोषणा चालू होत्या. विधेयक मताला टाकलं गेलं ते आवाजी मतदानाने. बाजूने असणाऱ्यांनी हो म्हणायचं, विरोधातल्यांनी नाही. मतविभागणी झाली असती तर प्रत्येकाचं बटण नोंदलं गेलं असतं, पण ती झाली नाही. एक मोठा ‘हो’ उठला आणि विधेयक मंजूर झालं. कॅमेरा मागच्या बाकांकडे वळलाच नाही. पुढचा विषय सुरू झाला तरी मी टीव्हीकडे बघत होते.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. मी विचारायच्या आधी तेच म्हणाले, “हो म्हणालो.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आवाज मोठा नव्हता. पण म्हणालो.”

ते नाशिकला आले तेव्हा व्यवस्थापकांनी दार लावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “डॉक्टर, नोंद कुठेच नाही. कोणी पाहिलेलं नाही. गावात सांगा, मी गप्प बसलो होतो. पक्षही दुखावत नाही, लोकही नाही. सगळे असंच करतात.”

डॉक्टरांनी मान हलवली, त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही लागला नाही. मला वाटलं, हे आता तसंच सांगतील. खरं सांगायचं तर मलाही तेच बरं वाटत होतं. मी इतकी थकले होते की ते प्रकरण मिटावं एवढंच हवं होतं.

आम्ही त्याच आठवड्यात डोंगरात गेलो. शाळेच्या ओट्यावर माणसं बसली होती. बरेच जण कामासाठी बाहेर निघून गेलेले, त्यामुळे म्हातारे आणि बायकाच जास्त. डॉक्टरांनी बसायला खुर्ची घेतली नाही. सरपंच बाईंनी विचारलं, “तुमी काय बोलले तिथं?”

“बोलायला दिलं नाही. आणि मत मागितलं तेव्हा मी हो म्हणालो.”

एका म्हाताऱ्याला ऐकू आलं नव्हतं, त्याच्या सुनेने त्याच्या कानाशी परत सांगितलं.

“इथं तर नाय म्हणले होते,” बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. चुकीचं तर ऐकलं नाही ना, अशी खात्री करून घेत होत्या.

“हो. इथे नाही म्हणालो होतो. तिथे घाबरलो.”

बाईंनी पदर सारखा केला. “खोटं सांगितलं असतं तर आमाला काय कळलं असतं?”

“नसतं कळलं.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि उठल्या. त्यांच्याबरोबर बाकीच्याही उठल्या. चहा ठेवला होता, तो आम्हाला कोणी द्यायला आलं नाही. आम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलो, मग गाडीकडे गेलो. वाटेत एकाने डॉक्टरांना थांबवून गायीच्या सुजलेल्या सडाबद्दल विचारलं. त्यांनी बाह्या सरसावल्या, गोठ्यात जाऊन पाहिलं आणि औषधाचं नाव सांगितलं. दिवसभरात तेवढा वेळ ते मला मोकळे वाटले.

ओट्यावरचं बोलणं कोणीतरी फोनवर टिपलं होतं. ‘तिथे घाबरलो’ एवढाच तुकडा सगळीकडे फिरला. विरोधकांनी तो सभांमध्ये वाजवला. पक्षाला वाटलं, डॉक्टरांनी पक्षाला बदनाम केलं. मला वाटलं होतं, निदान काही लोक तरी म्हणतील की माणूस खरं बोलला. म्हणाले असतीलही, पण माझ्या कानावर आलं नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. त्यांनी अपक्ष उभं राहावं असं कोणी सुचवलंही नाही. त्या गावाने कोणाला मत दिलं हे मी विचारलं नाही.

कार्यालय बंद करताना प्रश्नोत्तरांच्या फायली रद्दीत द्यायच्या की ठेवायच्या, असं मी त्यांना विचारलं. “द्या,” ते म्हणाले, “कोण वाचणार?”

नव्या खासदारांच्या माणसाने मला बोलावलं होतं. मी काही दिवस गेलेही. तोंडी प्रश्नांची सोडत, तेच छापील उत्तर, पुन्हा ‘माहिती गोळा केली जात आहे’. एका दुपारी उत्तर मराठीत करता करता लक्षात आलं की मी शब्दकोशही उघडत नाही, हात आपोआप चालतोय. मी तब्येतीचं कारण सांगून काम सोडलं. आता घरी शाळेच्या गाइडांची मुद्रितं तपासते.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांकडे जाऊन आले. ते परत गुरं तपासायला जातात, पण गुडघ्यांमुळे लांब जात नाहीत. त्यांच्या पत्नीने नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी केली होती. जेवताना राजकारणाचा विषय निघाला नाही. निघताना मी विचारलं, “त्या गावात जाता का?”

“बोलावलं तर जातो.”

“बोलावतात?”

“जनावर आजारी असलं की बोलावतात,” ते म्हणाले. फाटकापर्यंत सोडायला आले आणि शेवटची बस साडेपाचला आहे, ती चुकवू नका, असं दोनदा सांगितलं.