ड्रायरच्या तोंडावरची मच्छरदाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरच्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही नाही — त्याला ठाऊक असणारच, म्हणून तिथे मी विषयच टाळते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्या घरी जेवायला येणार नाही.

आणि गोष्ट तरी कसली? कपडे वाळवायच्या मशीनची. हसू येतंय ना? येऊ दे.

आमचं घर सुकापूरला. जमीन बिल्डरला गेली, कौलं गेली, तीन मजले उभे राहिले. पाऊस मात्र तोच राहिला — चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत आणि घरभर कुबट वास. आमच्या घरात तो वास नसायचा. का? कारण मी होते. कुठल्या खिडकीत कितीला वारा येतो, जीन्स उलटी करून कशी टांगायची, पोरांची दुपटी शेगडीवर टोपली पालथी घालून कशी उबवायची, सगळं मला यायचं. सासरे आल्या-गेल्याला सांगायचे, "आमचे मोठीच्या हातान ऊन हाय." मी दहावी नापास. या घरात माझ्या नावावर हे एवढं एकच वाक्य होतं, आणि मी ते फार जपून ठेवलं होतं.

मग धाकटी जाऊ आली. शीतल. शिकलेली, कामोठ्याला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी, स्वतःची स्कूटर. बरं, वाईट असती तर किती सोपं झालं असतं! पण ती गुणाची. मला ताई-ताई करायची, येताना माझ्यासाठी गजरा आणायची. गजऱ्यात काय खोट काढणार?

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिने ड्रायर घेतला. माझ्यासाठी, म्हणे. दोऱ्या बांधताना तुमचा जीव जातो ताई, म्हणे. तासाभरात टॉवेल कोरडे, वर गरम-गरम. सासऱ्यांनी एक टॉवेल गालाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "धाकटीन ऊनच इकत आनलं."

माझं ऊन. विकत! सगळे हसले, मीही हसले. एका वाक्यासाठी कुणी इतकं जळतं का? मी जळले.

मशीन गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत बसवलं. शेजारच्या खोलीत सासरे दुपारचे झोपायचे. मशीनची गरम हवा एका पाइपातून भिंतीबाहेर गच्चीवर पडायची. बसवणारा माणूस आला तेव्हा शीतल कामावर, म्हणून त्याने मलाच समजावलं — आतली जाळी दर वेळी साफ करा, बाहेरचं तोंड महिन्यातून एकदा. कपड्यांचा जो कापूस सुटतो तो तिथे साठतो. त्या तोंडावर कधी काही बांधू नका, हवा कोंडली तर मशीन पेटेल. अगदी हेच शब्द. मी शीतलला आतल्या जाळीचं सांगितलं आणि म्हटलं, बाहेरचं मी बघेन. बांधू नका म्हणाला, ते सांगितलं नाही.

तेव्हा विसरले असेन का? नाही. विसरले नव्हते.

मे महिन्यात करंजा बंदरावरून आणलेले बोंबील आणि जवळा आम्ही गच्चीवर पुन्हा उन्हं देऊन डब्यात भरतो. त्या तोंडातून उडणारा कापूस नेमका त्यावर पडायला लागला. सासूबाई तडकल्या, "मोठे, ते भोकाला काय तरी बांध. आमी काय कापूस खावाचा हाय?" मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घेतला, दुहेरी केला आणि सुतळीने घट्ट बांधला. सासूबाईंचा शब्द कसा मोडणार? — असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. पण बोंबील डब्यात गेले, गच्ची रिकामी झाली. मग मच्छरदाणी का राहिली? ती सोडू नको, असं तर सासूबाईंनी सांगितलं नव्हतं.

पावसाळा लागला आणि मशीन रोज चालायला लागलं. मी तुळशीला हळद-कुंकू वाहायला गच्चीवर जायची आणि त्या तोंडाकडे बघायची. कापूस जाळीवर बसत होता — आधी धुरकट, मग करडा, मग घोंगडीसारखा जाड. दर आठवड्याला थोडा जास्त. आणि मला — मला बरं वाटायचं. तासाचे दोन तास झाले, दोनाचे तीन. टॉवेल दमट यायला लागले. सासूबाई म्हणाल्या, पैशापरी पैसा गेला. मी पुन्हा दोऱ्या बांधल्या.

शीतल बिचारी बुचकळ्यात. आतली जाळी ती दर वेळी बोटांनी साफ करायची. शेवटी तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला, आणि फोन कानाला तसाच धरून मला विचारलं, "ताई, बाहेरचं तोंड साफ आहे ना?"

"हो गं, कालच पुसलं."

हेच ते. एवढंच. बाकी सगळ्याला काहीतरी सबब सापडेल, याला नाही. तिने लगेच फोनवर सांगितलं, हो, साफ आहे, ताईंनी कालच पुसलंय. वर जाऊन बघितलंही नाही. कशाला बघेल?

त्यानंतरच्या रविवारची दुपार. शीतलने मशीन लावलं आणि खाली भाजी निवडायला बसली. जळका वास सगळ्यांच्या आधी मला आला. येणारच — मीच तर वाट बघत होते. पण मशीन बंद पडेल एवढंच माझ्या मनात होतं. शेजारी सासरे झोपलेत, हे मनात कधी आलंच नाही? आलं असेल. मी ते तिथे थांबू दिलं नसेल.

वर धावले. धूर. बटण बंद केलं, सासऱ्यांना दंडाला धरून गच्चीवर पावसात आणलं. ते कठड्याला धरून खोकत होते, श्वास पुरत नव्हता. आणि मी काय केलं? आधी सुतळीची गाठ सोडली. ओली गाठ, लवकर सुटेना. ते खोकतायत आणि मी दातांनी गाठ सोडतेय. मच्छरदाणी पदराखाली कोंबली आणि मग — मग मी ओरडले, धावा म्हणून.

सासरे आठ दिवसांत बरे झाले. मोठी होती म्हणून घर वाचलं, असं सगळे म्हणाले. दीर शीतलला सगळ्यांसमोर घालून-पाडून बोलला. तिने सासूबाईंचे पाय धरले. मीच कपडे जास्त कोंबले असतील, माझंच चुकलं, म्हणून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी मासळीच्या कचऱ्यासोबत घंटागाडीत गेली आणि मशीन भंगारात. आणि सासऱ्यांनी, पुढे वारण्याआधी एकदा, एका पाहुण्याला पुन्हा सांगितलं — मोठीच्या हातान ऊन हाय. मला हवं होतं ते मला मिळालं.

याला आता सात वर्षं झाली. शीतल तेव्हापासून स्वतःवर विश्वास ठेवत नाही. इस्त्रीचा प्लग काढून हातात धरून बघते. गॅसची बटणं तीन-तीनदा चाचपते. लॅबमधली बढती तिने नाकारली — माझ्या हातून काही राहून जाईल, म्हणाली. घरात यावरून तिची थट्टा होते. मी थट्टा करत नाही.

आज सकाळीही ती फाटकापासून परत आली. स्कूटर बाहेर चालूच.

"ताई, गॅस बंद आहे ना?"

"हो गं, आत्ताच बघितला. जा तू."

आवाज तोच, फोनच्या दिवशीचा. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलंही तिला पटत नाही, मी सांगितलं की पटतं. मान हलवली, हसली आणि गेली.