वहिनीचं हसणं

माझ्या सत्कारात निवेदक एक गोष्ट हटकून सांगतात. मालिकेतल्या त्या खेडवळ, कपटी थोरल्या जावेची भूमिका मिळाली, तेव्हा मी म्हणे एका गावात जाऊन राहिले, तिथल्या बायकांचं बोलणं-चालणं टिपलं आणि मगच कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. केवढी ती निष्ठा! टाळ्या पडतात. मी मान खाली घालते आणि लोकांना तो विनय वाटतो.

मी कुठल्याही गावात राहिले नाही. ती गोष्ट मीच एका मुलाखतीत ठोकून दिली होती. मी राहत होते पुण्यात, कर्वेनगरात, भावाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. आणि जे काही टिपलं ते त्याच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, वहिनीच्या हातचं गरम गरम खाता खाता.

वहिनी लोणी काळभोरची, शेतकरी घरातली. भावानं कॉलेजात असतानाच लग्न जमवलं होतं. आमची आई पेठेत वाढलेली. तिनं सुनेला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. तिला त्याची गरजच पडायची नाही. "असंही म्हणतात वाटतं तुमच्याकडे," एवढं म्हणून ती वर्तमानपत्र उघडायची. वहिनीचा समोरचा दात लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडून अर्धा तुटलेला होता. हसू आलं की तिचा हात तोंडावर जायचा. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की आधी म्हणायची, "मी काय म्हंते, ऐकताय न्हवं?" या दोन्हींची नक्कल मी आईला करून दाखवायची. आई डोळे पुसत हसायची. वहिनी तेव्हा आतल्या खोलीत माझ्या मुलीला झोपवत असायची.

हो, माझ्या मुलीला. मी नाटकाच्या दौऱ्यावर गेले की पोर वहिनीकडे. तिच्या गोवरात, सहामाही परीक्षेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात वहिनीच होती. घर सांभाळून रंगभूमीची सेवा कशी केलीत, असं लोक मला विचारतात. घर मी सांभाळलंच नाही हो. कुणी आजवर नीट चौकशीही केली नाही, आणि त्या चौकशी न करण्याचाही मला राग येतो.

मालिका सुरू झाली तेव्हा माझं काम थंड पडत होतं. दिग्दर्शक माझ्याशी तुटक बोलायला लागला होता. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मला काढणार होते. त्या आठवड्यात एक प्रसंग होता: थोरली जाऊ धाकटीचं मंगळसूत्र चोरून डब्यात लपवते. डब्याचं झाकण लावलं आणि माझा हात तोंडावर गेला. हात आपोआप गेला, असं मी नेहमी सांगते. धादांत खोटं आहे. मी तो ठरवून नेला. बोटं कशी किंचित वाकवायची, खांदे कसे हलवायचे, सगळं मला पाठ होतं. आईसमोर इतक्या वेळा केलेलं.

कट झाल्यावर अख्खं युनिट खुश. पुढे चॅनेलनं सांगितलं की हे हसणं आणि ते 'ऐकताय न्हवं' प्रत्येक भागात हवंच. मी दिलं. मागाल तेवढं दिलं. घराघरात पोचले.

सोसायटीतली पोरं वहिनी जिन्यात दिसली की तोंडावर हात धरून "ऐकताय न्हवं?" करायची. पोरांचं एक वेळ सोडून देऊ. पण मोठी, शिकलेली माणसं? गणपतीच्या आरतीनंतर एका निवृत्त प्राध्यापकांनी तोंडावर हात ठेवून हसणाऱ्या वहिनीला सगळ्यांदेखत म्हटलं, "अहो, नणंदेची नक्कल हुबेहूब करता हं आपण." तिचंच हसणं, आणि उसनं तिनं घेतलेलं! मी बाजूलाच उभी होते, हातात प्रसादाची वाटी घेऊन.  मीही हसले.

त्यानंतर वहिनीनं भिशीला जाणं सोडलं. भाजी भावाला आणायला सांगायची. चारचौघांत बोलेना. घरातही हसू आलं तर ओठ घट्ट मिटून घ्यायची.

मालिका संपली आणि एका निर्मात्यानं त्याच पात्रावर दोन अंकी नाटक काढायचं ठरवलं. मी ती बातमी आनंदाने वहिनीला सांगायला गेले. इतकी मी निर्लज्ज होते. ती मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ती बाई चोर असंल, खुनी असंल, तुमचं काम हाय ते," ती म्हणाली. "पन वन्सं, चोरी करून हसायला तुम्हाला माझंच हसू घावलं व्हय?"

"अगं, तुझं कुठे? तिकडच्या बायका हसतातच तशा."

"आमच्यात कुणी न्हाई तसं हसत. माझा दात तुटलाय म्हणून मी तशी हसते."

मी तिथून उठून आले. नाटकाला नाही म्हणून कळवलं. याचं कौतुक नको, कारण पुढचं ऐका. निर्मात्यानं ती भूमिका एका तरुण मुलीला दिली. माझ्या चित्रफिती बघून तिनं सगळं उचललं. शुभारंभाच्या प्रयोगाला मला मानानं पहिल्या रांगेत बसवलं. तिचा हात तोंडावर गेला आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. बोटंसुद्धा बरोबर वाकवली होती तिनं. मध्यंतरात रंगपटात तिनं वाकून नमस्कार केला, म्हणाली, "ताई, तुमच्यासारखं जमतंय ना?"

तिथे खरं बोलता आलं असतं. ते हसणं माझं नाही, ते काढून टाक, एवढंच. निर्माता शेजारी होता, फोटोवाले होते. मी म्हणाले, "छान जमतंय." प्रयोग अजून चालू आहेत. ते हसणं थांबवणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही, आणि होतं तेव्हा मी 'छान' म्हणाले.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा वहिनीला विचारलं. मालिकेच्या वेळी विचारलं नव्हतं, निदान आता तरी.  ती म्हणाली, "लिवा. नाव घालू नका कुणाचं." मी बरं म्हणून दारापर्यंत गेले, तर तिनं परत हाक मारली.

"आन् वन्सं, मी तुम्हाला माफ केलं, आसं लिवू नका."

नाही लिहीत. तिनं केलेलंच नाही.