चाचांच्या तोंडी घातलेलं वाक्य

एखाद्या माणसानं तुम्हाला फुकट सल्ला दिला, तर तुमच्या मनात आधी काय येतं – आभार, की यात याचा काय फायदा? माझ्या मनात कायम फायद्याचाच प्रश्न आला. तीच माझी ताकद आहे, असं मी समजत होतो. त्या ताकदीनं मी काय केलं, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, संघटनेतल्या मित्रांनाही नाही.

मी महागाव तालुक्यातला. वडिलांच्या पिशवीत कायम शेतकऱ्यांच्या संघटनेची पत्रकं असायची. जोडाक्षरं मी त्यांच्यावरच शिकलो. कापसाची ती वाईट वर्षं. बियाणं बोगस निघायचं, बोंडअळी जायची नाही. खताची एक गोणी हवी तर सोबत नको असलेली औषधाची बाटली घ्यावीच लागायची – याला बाजारात लिंकिंग म्हणतात. त्याविरुद्ध मीही संघटनेसाठी पत्रकं लिहिली. ती खरी होती. खरी होती म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

तेव्हा मी पुसदला राहत होतो आणि मला सायकल हवी होती. शहराबाहेरच्या टेकड्यांत गुरांच्या वाटा आहेत – मुरूम, दगडगोटे, मध्येच नाला. तिथं चालवायची होती. लोकांना सांगायचो, पत्रकं वाटायला हवी. खरं तर नुसती मजा म्हणून हवी होती, आणि त्या वर्षांत मजेची लाज वाटायची. पण तो गुन्हा नाही. गुन्हा पुढे आहे.

शाळेच्या रस्त्यावर करीमचाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कमी पैशात कोणती घेऊ, असं मी त्यांना विचारलं.

"समोर शॉकअप असलेली घे. मांगं नको."

"दोन्हीकडे असलेली भारी दिसते, चाचा."

"तुले दाखवाची हाय का चालवाची? या भावातलं मांगचं शॉकअप म्हंजे निसती स्प्रिंग. चढावर तू पायडल मारशीन, अर्धा जोर थे खाऊन टाकीन."

मग त्यांनी दुरुस्तीला आलेल्या एका सायकलवर मला दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं केलं. वरचा दांडा आणि मी यांत चार बोटं जागा राहते का, ते पाहिलं. पुढचा ब्रेक धरून हँडलवर भार कसा द्यायचा ते दाखवलं – दाबलेलं शॉकअप हळू वर यावं, टणकन नाही. बसस्टँडजवळचं एक दुकान सुचवलं. आणि म्हणाले, "टायर तेवढे माह्याकून बदलून घे. त्याचे पातळ राह्यते. रानात बाभळीचे काटे हायेत."

टायर माह्याकून. झालं – मला हवं ते सापडलं. ठराविक दुकान, वर ठराविक टायर. हे लिंकिंग नाही तर काय?

मी चाचांना एक प्रश्नही विचारला नाही. सरळ पत्रक लिहायला बसलो. पुरावा नव्हता, आणि नुसत्या शंकेनं पत्रक पेटत नाही हे मला ठाऊक होतं. मग मी एक वाक्य लिहिलं – अवतरणचिन्हांत, चाचांच्या नावानं: "दुकानदार मले गाडीमागं कमिशन देते." चाचा असं कधीच म्हणाले नव्हते. ते मी रचलं. हुबेहूब त्यांच्या बोलीत – आणि ते जमलं म्हणून खूशही झालो. खाली आमच्या आधीच्या पत्रकांवर असायची तीच सही केली, 'एक जागरूक नागरिक'.

लोकांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? आमची आधीची पत्रकं खरी निघाली होती. शाळेतल्या मुलींना मिळणाऱ्या सायकली दरवर्षी चाचा जोडून द्यायचे. त्या वर्षी ते काम दुसऱ्याला गेलं. मग चाचा ते पत्रक घेऊन माझ्याच खोलीवर आले.

"बावा, तू लिवते-वाचते. हे कोनं लिवलं, पता लावशीन का? मी असं कवा बोललो, मलेच आठवून नाही राह्यलं."

त्यांना माझा संशय नव्हता. ते मदत मागायला आले होते.

"मले काय माहीत, चाचा," मी म्हणालो.

दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकलच मी घेतली, हट्टानं, दुसऱ्याच दुकानातून. पहिल्या चढावर ती झुल्यासारखी खाली-वर व्हायला लागली. वर्षभरात मागचा सांधा खिळखिळा झाला. ती विकून मी चाचांनी सुचवलेल्या दुकानात गेलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं – करीमचाचांना गिऱ्हाइकामागं काय देता?

दुकानदार हसला. "त्यायले? थे तं आमच्या फिटिंगच्या चुका काढून गाड्या वापस पाठवते. मीच भेतो त्यायले."

म्हणजे त्या दिवशी मला कळलं होतं. तरी मी गप्प राहिलो, वर्षानुवर्षं. संघटनेचं नाव जाईल, खऱ्या पत्रकांवरचा विश्वास उडेल – कारणं बरीच होती. ती मांडत नाही. मी भित्रा होतो.

हा मजकूर छापायला देण्याआधी चाचांना वाचून दाखवणार आहे. ते काय म्हणतील, तो त्यांचा अधिकार. तुमच्याकडे एकच मागणं. घरातल्या जुन्या कागदांत ते पत्रक सापडलं तर फाडू नका. चाचांच्या नावावरचं वाक्य खोडा, सहीच्या जागी या मजकुरावर छापलेलं माझं नाव लिहा, आणि ज्यांना ज्यांना तुम्ही ते तेव्हा वाचायला दिलं होतं, त्यांना पुन्हा नेऊन दाखवा.